नाव ठेवलेलं बटण

...न्हाय ओ, डबा काय मला ठेवून घ्यायचा न्हाय. माझ्या घरात डब्यांना तोटा हाय का, फळीवर एकावर एक रचलेत, पण दुसऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नसतोय, व्हय का न्हाय, मूठभर साखर तरी घालायची, चार लिंबं तरी घालायची, आणि मालुबाईंचा हा डबा भरायला घेतला की माझा हातच थांबतोय बघा, कारण त्यात आधी काय होतं ते आठवतंय... हुग्गी होती. गव्हाची हुग्गी, गूळखोबरं घातलेली, वरनं तूप सोडलेलं, आणि ती दिलती कशाबद्दल, तर आमच्या ह्यांनी त्यांच्या लेकीसाठी, मंजुश्रीसाठी बटण करून दिलं म्हणून. बटण. आता तुम्हीच सांगा, हा डबा मी कुठल्या तोंडानं परत देऊ?

शर्टाचं बटण न्हवं, तुम्हाला तेच वाटणार, मलाबी आधी तेच वाटलतं. कॉम्प्युटरातलं बटण. आमचे हे म्हणजे रविराज, उद्यमबागेत एका कंपनीत हाईत, तिथं मशिनी चालवायची सॉफ्टवेअरं लिहितात, म्हणजे मशिनीपुढं स्क्रीन असतोय, त्यावर हिरवं दिसलं की चालू, लाल दिसलं की बंद. दिवसभर हिरवं-लाल, हिरवं-लाल. घरात आले तरी तेच, माझा चेहरा लाल दिसला की गप्प बसतात, हिरवा दिसला की चहा मागतात. त्यांच्या हिशेबानं ह्या जगात ज्याला डोळे न्हाईत असं गिऱ्हाईकच न्हाय.

आमचं गाव सांबऱ्याच्या पुढं. डोक्यावरनं विमान वेळेवर जातंय आणि दारातनं बस जात न्हाय असलं गाव. गावात दूध सोसायटी हाय, आणि सोसायटीचे तीन कर्णे, एक सोसायटीवर, एक शाळेवर आणि एक मारुतीच्या देवळावर. दुधाची गाडी उशिरा येणार, सांगा कर्ण्यावर. जनावरांचा डॉक्टर आलाय, सांगा. कोण वारलं, सांगा. कुणाची म्हैस सुटली, तेबी सांगा. चेरमन मारुतीराव आप्पा ह्यांना म्हणाले, "रवी, तू एवढा शिकलाय, आमच्या कर्ण्यांना एक सॉफ्टवेअर कर की रं." झालं. ह्यांनी रविवारी बसून केलं. माईकचं एक बटण, गाण्याचं एक, घंटेचं एक. सोसायटीनं ह्यांना शाल घातली, नारळ दिला, फोटो काढला. तो फोटो आमच्या टीव्हीवर लावलाय. होता. आता पालथा घालून ठेवलाय.

आणि ते सॉफ्टवेअर चालवायला कुणाला ठेवलं, तर मालुबाईंच्या मंजुश्रीला. मंजुश्रीला दिसत न्हाय, जन्मापासनंच. बेळगावात शाळा शिकली, कॉम्प्युटर शिकली, मराठी बोलते, कन्नड बोलते, आवाज असा की दुधाची गाडी चुकली हे सांगितलं तरी ऐकत बसावं वाटतंय. आणि तोंड? बाबा, बाबा. एवढी धार माझ्या विळ्याला न्हाय. पण नोकरी हंगामी, हं. चेरमनांनी आधीच सांगून ठेवलतं, "बघू. जमलं तर ठेवू, न्हाय तर आमचा कुमार हाय." कुमार म्हणजे त्यांचा पुतण्या, कट्ट्यावर बसून मोबाईल बघतोय, त्यात मात्र तो कायम हाय.

आता ती चालवती कशी, हे तुम्हाला सांगते, कारण मलाबी ठाऊक न्हवतं. तिच्या कॉम्प्युटरात बोलणारं एक सॉफ्टवेअर असतंय, स्क्रीन रीडर म्हणतात त्याला. कीबोर्डावरची एक कळ दाबत दाबत ती पुढं जाती आणि ते नाकातनं बोलणाऱ्या बाईसारखं सांगतंय, हे काय, ते काय. म्हणजे सांगायला पाहिजे. पण ह्यांनी काय केलतं, बटणं लिहिलीच न्हवती, रंगवलती! माईकचं छान चित्र, गाण्याचं चित्र, घंटेचं चित्र. हिरवं, लाल. डोळ्याला गोड. आणि रीडरला काय सापडणार त्यात? ते आपलं म्हणायचं, "बटण." पुढं गेलं की, "बटण." आणि पुढं गेलं की, "बटण." झालं पुराण. कशाचं बटण, लागलंय का न लागलंय, काय पत्ता न्हाय.

तरी ती पोरगी मोजून मोजून चालवायची ओ. पहिलं माईक, दुसरं गाणं, तिसरं घंटा. आणि एका दिवशी भावकू आज्जा वारले. म्हातारं माणूस, सगळ्या गावाचं लाडकं. मंजुश्री माईकवर आली, आवाज असा जड केला, "कळवण्यास अत्यंत दुःख होते की आपल्या गावचे भावकू आज्जा..." सगळा गाव स्तब्ध, आज्जाच्या सुनेनं पदर तोंडाला लावला... आणि बोलणं संपवून माईक बंद करायला गेली ती एक बटण पुढं गेली असणार, दाबलं, आणि तिन्ही कर्ण्यांतनं लग्नाचा बँड. वरातीचा! ढँण्ण ढँण्ण करून. सून रडायची थांबली. एक बारकं पोरगं नाचायला लागलं.

चेरमन तिला लई बोलले. सगळ्यांच्या पुढं. "आंधळ्याच्या हातात यंत्र दिलं ती आमचीच चूक," म्हणाले. आणि आमचे हे तिथंच उभारलते. तुम्हाला सांगते, ह्यांना ठाऊक होतं. जेवताना मला म्हणाले की, "बटणांना नावं द्यायची राहिली गं माझ्याकडनं." मी म्हणलं, "मग तिथं बोलला का न्हाय?" तर भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत म्हणतात, "शाल घातलीय त्यांनी मला. लगेच कसं सांगू?" शालीखाली माणसाची जीभबी झाकती हे मला त्या दिवशी कळलं.

मग मंजुश्रीच आली घरी. काठी दाराला टेकवली, चप्पल काढली, आणि म्हणती, "रवी अण्णा, मी तुम्हाला नावं ठेवायला आले न्हाय. बटणाला नाव ठेवायला आलेय." ऐका म्हणजे, अशी बोलती ती. आणि आमचे हे गडबडून म्हणतात, "अगं, हिरवं हाय न्हवं ते, बघून दाब की." बघून दाब म्हणाले ओ. तिला! माझ्या हातातली पळी पातेल्यात पडली. सासूबाई, म्हणजे आमच्या अंबुबाई, त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मंजुश्री मात्र शांत. म्हणाली, "बरं अण्णा. बघते."

आता ह्याच्यावर तरी माणसानं नीट बसून काम करावं का न्हाय? केलं. कसं केलं ते ऐका. हे बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले, मी आत भाकऱ्या थापत होते, सासूबाई परड्यात. हे बाहेरनं ओरडले, "अगं, ऑनला मराठीत काय म्हणायचं?" मी भाकरी उलटता उलटता म्हणलं, "लाव." बरोबरच हाय की, दिवा लाव, पंखा लाव, मोटर लाव. मग हे ओरडले, "आणि ऑफला?" आणि त्याच वेळेला परड्यातनं सासूबाई माझ्यावर ओरडल्या, "दार लाव गं, मांजर शिरलं!" ह्यांना वाटलं मीच बोलले. ऑनला लाव, ऑफला लाव. आणि त्या माणसानं ते तसंच लिहिलं! दिवा लावला की चालू होतोय, दार लावलं की बंद होतंय, तेव्हा असेल बाबा मराठीत असंच, असं म्हणाले नंतर. ह्यांना कुठं अडतंय, ह्यांना हिरवं-लाल दिसतंय.

दुसऱ्या दिवशी मंजुश्रीचा फोन. "अण्णा, दाबायच्या आधी म्हणतंय लाव. दाबल्यावर म्हणतंय लाव. आता मी लावू तरी किती?"

मी तोंडात पदर घालून हसले. हसले मी, खोटं कशाला बोलू. त्या हसण्याचीबी आता लाज वाटती. ह्यांना राग आला. माझा राग, तिचा राग, मांजराचा राग, सगळा त्या बटणावर काढला. ते चित्र उडवलं, हिरवं-लाल उडवलं, आणि म्हणाले, आता साधं चालू आणि बंद लिहितो, शेंबडं पोर पण चालवंल. आणि इंटरनेटवर कुठंतरी वाचलं की असल्या बटणाला टॉगल म्हणतात, एकदा दाबलं की चालू, आणि एकदा दाबलं की बंद, आणि ते दाबलेलं हाय का न्हाय हे रीडरला सांगायला लागतंय. तेबी घातलं. म्हणजे झालं काय, नीट ऐका हं, मला समजायला लई वेळ लागलाय: माईक बंद असला की बटणावर शब्द 'चालू', म्हणजे दाबलं की चालू होईल म्हणून. दाबलं, माईक चालू झाला, की शब्द 'बंद', म्हणजे आता दाबलं की बंद होईल म्हणून. आणि वर रीडर सांगणार, "दाबलेलं." म्हणजे माईक चालू असताना ते बोलतंय, "बंद, दाबलेलं." आता तुम्हीच सांगा, बंद दाबलंय म्हणल्यावर माणूस काय समजणार? बंद झालं असंच समजणार न्हवं? कुणीबी समजंल. तुम्ही समजाल, मी समजेन. आणि पुढं काय झालं ते सांगायलाच तर तोंड उचलत न्हाय माझं.

रविवार होता. हे मंजुश्रीला म्हणाले, "आज बटण पक्कं करतो, तू घरी जा, मी आणि आप्पा बघून घेतो." ती घरी गेली, तिनं आईला सांगितलं, आणि मालुबाईंनी काय करावं, हुग्गी केली! माझ्या दारात आल्या, हात धरला, "चला रचनावहिनी, तुमच्या मालकानं माझ्या पोरीची नोकरी राखली, तोंड गोड करून जावा." मी गेले. पाटावर बसवलं मला. वाटीभर हुग्गी पुढं ठेवली, आणि ह्यांच्यासाठी वेगळी, ह्या डब्यात, झाकण घट्ट लावून माझ्या मांडीजवळ. मंजुश्री भिंतीला टेकून बसलती, खुशीत, पाय हलवत. मालुबाई हातात तुपाचं भांडं घेऊन उभ्या. मी पहिला घास तोंडात घातला. आणि देवळावरचा कर्णा खरखरला.

"हॅलो, हॅलो. माईक टेस्टिंग." ह्यांचा आवाज. मालुबाई हसल्या. मग गप्प. मग परत "हॅलो", परत गप्प, चालू-बंद, चालू-बंद करून बघत होते. मग कपबशीचा आवाज आला. चहा आलता म्हणे. आणि मग चेरमन बोलायला लागले. तुम्हाला सांगते, आमच्या देवळावरचा कर्णा असा हाय की चेरमनांनी चहा फुंकला तरी पाटील गल्लीत ऐकू येतोय.

"रवी," चेरमनांचा तो घोगरा आवाज, "लई डोकं नको घालू रं त्यात. पोरगी वाईट न्हाय, आवाजबी चांगला हाय, मी कुठं न्हाय म्हणतोय? पण आमचा कुमार रिकामा बसलाय न्हवं. तू ते बटण हाय तसंच ठेव. चुकत गेली की आपण होऊन जाईल ती. आपण कशाला वाईट व्हायचं? इरली, बिडू." असू दे, सोडून दे, असं कन्नडात म्हणाले, म्हणजे दोन्ही भाषेतल्या लोकांची सोय झाली.

मी घास गिळला न्हाय. मी देवाला म्हणलं, आता ह्यांनी बोलावं. एक वाक्य बोलावं. न्हाय आप्पा, असं न्हाय करायचं, एवढं जरी म्हणाले तरी मी ह्यांना जन्मभर रोज दोनदा चहा करून देईन...

आणि हे म्हणाले, "व्हय की आप्पा. एका माणसासाठी कोण एवढा कुटाणा करतंय. आणि माझ्या घरात विचारलं तर बायको सांगती लाव, बंदलाबी लाव. आता कुणाकुणाला शिकवू? ...आणि एक चहा सांगा की."

तिन्ही कर्ण्यांतनं. देवळावरनं, शाळेवरनं, सोसायटीवरनं. आणि एक चहा सांगा की.

तुम्ही कधी अशा घरात बसलाय का, की घास तोंडात हाय, आणि ज्याचा घास हाय त्याचीच... मला ते गिळताबी येईना आणि थुंकताबी येईना. मला वाटलं मालुबाई आता ताट ओढून घेतील, बरं होईल, घ्यावं ओढून. तर त्या माऊलीनं काय केलं? तुपाचं भांडं पुढं केलं आणि म्हणाल्या, "घालू का आणि थोडं?" घरी आलेल्या बाईला दुसरं काय म्हणायचं ते त्यांना सुचलंच नसणार. आणि मला न्हाय म्हणता आलं न्हाय. घातलं त्यांनी तूप. मी खाल्लं. लाजेनं माणूस मरतंय म्हणतात, मरत न्हाय ओ, खात बसतंय.

मंजुश्रीचे पाय हलायचे थांबलते. तिनं मोबाईल काढला आणि फोन लावला. कर्ण्यातनं ह्यांच्या फोनची रिंग ऐकू आली, सगळ्या गावाला. मग एकच बोलणं दोनदा, एकदा माझ्यापुढं तिच्या तोंडातनं, आणि लगेच देवळावरनं ह्यांच्या फोनमधनं, कारण हे फोन नेहमी स्पीकरवर घालून बोलतात, कानाला उष्णता होती म्हणे.

"अण्णा, माईक चालू हाय."

"न्हाय गं, बंद हाय. बंद लिहिलंय की हितं. माझ्या डोळ्यानं बघतोय मी."

"अण्णा, ते दाबलं की बंद होईल असं लिहिलंय."

चेरमन म्हणाले, "काय म्हणती?" तेबी ऐकू आलं.

"अगं, मीच लिहिलंय ते, मला ठाऊक न्हाय व्हय?" असं म्हणून ह्यांनी दाबलं. कर्णा गेला. सुटलो, मला वाटलं. पण बटणावर आता आलं 'चालू'. हे बघतात तर चालू! अरे बाबा, आत्ता चालू झाला म्हणायचा, म्हणून घाबरून परत दाबलं. कर्णा परत आला. "आप्पा, आता बघा बंद झाला." साऱ्या गावाला ऐकू आलं, बंद झाला. बाहेर गल्लीत लोक आपापल्या दारात येऊन उभारलते, आणि म्हातारे-कोतारे वर देवळाकडं तोंड करून ओरडायला लागले, "लागलाय! लागलाय!" ह्यांनी दाबलं. "गेला!" परत दाबलं. "आला, आला!" डोळे असलेला माणूस, स्वतः केलेलं बटण, आणि सगळा गाव त्याला वाट दाखवतोय. शेवटी ह्यांनी भिंतीतली वायरच उपटली. तेव्हा कुठं शांत झालं सगळं.

मी उठले. नमस्कार केला का न्हाय आठवत न्हाय. डबा हातात धरून पळत आले घरी. डबा तिथंच ठेवून यायला पाहिजे होता, आता सुचतंय, त्या वेळेला डोकं कुठं जागेवर होतं. हे मागच्या गल्लीनं, गोठ्याच्या बाजूनं आले. चप्पल पायात तशीच घेऊन परड्यात बसले. मी म्हणलं, जरा रागवावं, पण त्यांचं तोंड बघितलं आणि माझाच धीर गेला. त्यांचं तोंड लाल न्हवतं की हिरवं न्हवतं. बारक्या आवाजात म्हणाले, "तिनं ऐकलं का गं सगळं?" मी म्हणलं, "सगळं. आणि मी तिथंच बसलते, त्यांची हुग्गी खात." मग ते रडले. ते असे कधी रडले न्हवते, सासरे गेले तेव्हाबी न्हाय. म्हणाले, "मी का व्हय म्हणलो गं? मला तसं म्हणायचं न्हवतं. आप्पा बोलले आणि माझ्या तोंडातनं आपोआप व्हय आलं." आता ह्याला काय म्हणायचं? आप्पांनी दाबलं की हे व्हय म्हणणार. हेबी एक बटणच की मग.

हुग्गी सासूबाईंनी संपवली. "अन्नावर कशाला राग?" म्हणाल्या. आणि डबा घासून मी फळीवर ठेवला.

तो डबा दोन दिवस तिथंच. हे खुर्चीवर लॅपटॉप पुढं घेऊन बसलेले, काय लिहिना, काय पुसना. म्हणाले, "माईक चालू असला तर काय नाव ठेवू आणि बंद असला तर काय ठेवू, तेच सुचेना झालंय." मी आधीच भडकलेली. त्यांना हाताला धरून फळीपुढं आणलं, डबा काढून झाकण दाखवलं. आपल्याकडं भांड्यावर नाव घालतात न्हवं, टिकटिक करून मशिनीनं? त्यावर होतं, मालुबाई. मी म्हणलं, "वाचा. हा डबा आपल्या घरी आला तेव्हा भरलेला होता. तेव्हा काय नाव होतं?" म्हणाले, "मालुबाई." "आता रिकामा हाय. आता?" म्हणाले, "मालुबाई." "रिकामा झाला म्हणून कोण नाव खोडून दुसरं घालतंय का? नाव हाय ते हाय. भरलाय का रिकामा हाय, ते उचलल्यावर कळायला पाहिजे." हे तो डबा हातात घेऊन बघतच बसले. मी रागात बोललेलं एवढं मन लावून ह्यांनी कधी ऐकलं न्हवतं, मलाच भीती वाटली.

आणि केलं ओ त्या माणसानं. बटणाचं नाव ठेवलं, माईक. चालू असू दे का बंद असू दे, माईक तो माईक. आणि चालू असला की रीडर म्हणतंय, "माईक, टॉगल बटण, दाबलेलं." बंद असला की, "माईक, टॉगल बटण, दाबलेलं नाही." गाण्याला गाणं, घंटेला घंटा. हिरवं-लाल परत आणलं, बघणाऱ्यांनी काय पाप केलंय? आणि स्क्रीनवर माझी ओढणी टाकून, डोळे मिटून, कानानं चालवून बघितलं. बघितलं म्हणते मी, ऐकलं म्हणायला पाहिजे. सकाळपासनं घरात तेच, दाबलेलं, दाबलेलं नाही, दाबलेलं. सासूबाई म्हणाल्या, कुणाचे पाय दाबतोय हा?

मग हे सोसायटीत गेले, एकटेच. मी गेले न्हाय, माझ्यानं होईना. तिथं तोवर काय झालतं, चेरमनांना सकाळी दूध घालायला आलेल्या बायकांनी धारेवर धरलतं. एक बाई घागर खाली ठेवती आणि म्हणती, "आप्पा, कुमार कुठाय?" दुसरी म्हणती, "आप्पा, आणि एक चहा सांगू?" चेरमन तरी काय करणार, गावानं ऐकलंय म्हणल्यावर. मंजुश्रीला कायम केल्याचं पत्र काढलं, आणि वर तेच पत्र कर्ण्यावर वाचायला लावलं, तिलाच. तिनं वाचलं, मराठीत आणि कन्नडात, आवाजात कणभर फरक न्हाय, दुधाची गाडी आली म्हणून सांगावं तसं.

ह्यांनी तिच्यापुढं हात जोडले. आता तिला हात जोडलेले दिसणार कसे? ते ह्यांच्या ध्यानातच आलं न्हाय, तसेच उभारले बराच वेळ. मग चुकलो म्हणाले, तोंडानं. तिनं बटण दाबून बघितलं, ऐकलं, परत दाबलं, ऐकलं. आणि म्हणाली, "छान झालंय अण्णा. आणि आभार, हं. तुम्ही बटण पहिल्यांदाच नीट केलं असतं तर आप्पा काय बोलतात ते मला कधी कळलंच नसतं, आणि नोकरी गेली असती. तुमच्या वाईट बटणानं राखली बघा." घरी येऊन ह्यांनीच मला सांगितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, म्हणाले. आभार मानले तिनं.

तर असं हाय. बटणाचं मिटलं. राहिलाय तो हा डबा. आज साखर घातलीय बघा ह्यात, गच्च दाबून भरलाय, वर वेलदोडा ठेवलाय. हे म्हणतात, तूच नेऊन दे. मी म्हणलं, "तुम्हाला बटणाचं नाव बदलायचं नसतंय हे कळलं न्हवं? मग माझं का बदललं?" मी निपाणीची राणी ओ! माहेरनं आलेल्या सगळ्या भांड्यांवर अजून राणीच हाय, कळशीवर राणी, परातीवर राणी. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात बोट फिरवलं आणि रचना झाले. हे म्हणतात, "ते आधारकार्डावर गेलंय आता, ऱ्हाऊ दे की." ऱ्हाऊ दे. मी कुठं काय म्हणते?

पण आता मालुबाईंच्या दारात जाऊन उभारले, की आतनं मंजुश्री विचारणार, "कोण?" सगळ्यांनाच विचारती ती, तिला नाव सांगायलाच लागतंय. मग काय सांगू? रविराजची बायको म्हणू, तर ते नाव तीन कर्ण्यांवर वाजलंय. रचना म्हणू, तर चालूलाबी लाव आणि बंदलाबी लाव सांगणारी ती हीच. न्हाय बाबा. राणी म्हणते. ह्या गावात तेवढ्या एकाच नावाला अजून कुणी नावं ठेवलेली न्हाईत.